खैरातीचा कारभार – भाग ६ : नॉर्विचची गरिबांची वही

गेल्या आठवड्यात ईप्रची सामाईक पेटी पाहिली. १५२५ मध्ये त्या शहराने भीक बंद केली आणि गरिबांचा सांभाळ नगरसभेने आपल्या अंगावर घेतला. आज समुद्र ओलांडून इंग्लंडमधल्या नॉर्विचला जाऊ. इथल्या कारभाऱ्यांनी मदतीचं वाटप करण्याआधी गरिबांची खानेसुमारी केली.

नॉर्विच लोकरीच्या कापडावर जगणारं शहर. १५४९ च्या मे महिन्यातच तिथल्या नगरसभेने ऐपतदार रहिवाशांवर गरिबांसाठी सक्तीची पट्टी बसवली होती. तोवर हा धर्मादाय चर्चच्या दानपेटीवर आणि मरताना केलेल्या मृत्युपत्रांवर चालायचा. पण त्याच उन्हाळ्यात रॉबर्ट केटच्या बंडखोरांनी शहर ताब्यात घेतलं, आणि गरीब चवताळले तर काय होतं याची धास्ती श्रीमंतांच्या मनात कायमची बसली. पुढच्या सगळ्या व्यवस्थेत दयेइतकीच ही धास्तीही आहे.

१५७० मध्ये महापौर जॉन ऑल्ड्रिच याच्या कारकिर्दीत पेठापेठांतून माणसं फिरली. घरात कोण, वय काय, धंदा कोणता, घर कोणाच्या मालकीचं, शहरात किती वर्षं, आत्ता काही मदत मिळते का, अंगात काम करण्याची ताकद आहे का, असं सगळं नोंदवलं गेलं. बायका, पुरुष, पोरं मिळून सुमारे २,३०० नावं निघाली. शहरातल्या इंग्रज रहिवाशांपैकी दर चार-पाच जणांतला एक माणूस त्या वहीत होता. नेदरलँड्सकडून आलेले निर्वासित विणकर त्यात धरले नव्हते. ते आपल्या गरिबांचं आपण बघत.

ही वही आजही वाचायला मिळते आणि वाचताना माणूस थबकतो. ऐंशीच्या घरातल्या विधवा सूत कातत आहेत. नवरा सोडून गेलेली बाई कातते आहे, तिच्या लहान मुलीही कातत आहेत. पुरुषांच्या हाताला काम नाही अशी घरं आहेत, पण बायका रिकाम्या बसल्याचं क्वचितच दिसतं. तरीही पोट भरत नव्हतं, कारण सूतकताईची मजुरीच तुटपुंजी होती.

नगरसभेने मात्र निष्कर्ष काढला तो उलटा. १५७१ च्या नियमांच्या प्रस्तावनेत सगळा रोख आळसावर आहे. भिकारी दारोदार फिरतात, पोट फुटेस्तोवर खातात, उरलेलं अन्न रस्त्यात टाकतात, अशी तक्रार. मग भीक मागणाऱ्याला सहा फटके, आणि दारात आलेल्याला खाऊ घालणाऱ्या घरधन्याला चार पेन्स दंड! घास देणाराही गुन्हेगार ठरला. काम टाळणाऱ्यांसाठी ब्राइडवेल नावाचं सुधारगृह उघडलं. तिथे उन्हाळ्यात पहाटे ५ पासून रात्री ८ पर्यंत राबावं लागे. पोरांना आणि बायकांना कातायला शिकवण्यासाठी प्रत्येक विभागात काही खास स्त्रिया नेमल्या. म्हणजे ज्या कामाने पोट भरत नव्हतं, तेच काम आणखी हातांना शिकवायचं!

एक गोष्ट कबूल करायला हवी. म्हातारे, आजारी, अपंग यांना ठरलेली रक्कम आठवड्याच्या आठवड्याला मिळू लागली, आणि ती कोणाच्या मर्जीवर नव्हे, तर पट्टीच्या पैशांतून. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १५७२ मध्ये इंग्लंडच्या संसदेने गरिबांसाठीची पट्टी देशभर लागू केली, तेव्हा नॉर्विचसारख्या शहरांचा अनुभव समोर होताच. ऑल्ड्रिच स्वतः त्या संसदेत होता. त्यातूनच पुढे १६०१ चा प्रसिद्ध गरीब कायदा आला.

तो कायदा १८३४ पर्यंत टिकला. त्या वर्षी त्याच्या जागी काय आलं आणि डिकन्ससारखे लेखक त्यावर का संतापले, ते पुढच्या भागात.