झिजलेल्या कोपऱ्यांचा नट
मोटारीच्या चाकाचा नट गंजून जखडला आणि त्याचे सहाही कोपरे झिजून गोल झाले, म्हणजे पान्याला लांब नळी जोडून अधिक जोर लावावा, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तेलकट हातांनी बरणीचे झाकण उघडताना बळ नव्हे तर पकड कमी पडते, तद्वत येथेही उणीव पकडीचीच असते. म्हणून चाक जमिनीवर टेकलेले असतानाच आट्यांत गंज सैल करणारे तेल मुरू द्यावे, आणि मग एक्स्ट्रॅक्टर सॉकेट (आतून उलट्या पिळाचे दाते असलेली पोलादी टोपी) नटावर हातोडीने घट्ट ठोकून घड्याळाच्या उलट दिशेने संथपणे फिरवावे. जोर वाढेल तसतसे ते दाते धातूत अधिकच रुततात. निघालेला नट बाद समजून त्याजागी त्याच मापाचा नवा बसवावा.