‘ब्रह्मचारी’तील विनोदाचे स्वरूप

विनोदाचे मूळ विसंगतीत असते, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. परंतु ही विसंगती नेमकी कोणत्या दोन गोष्टींमधील, हे पाहिल्याखेरीज एखाद्या विनोदी कृतीचा स्वभाव कळत नाही. या दृष्टीने हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) हा बोलपट अभ्यसनीय ठरतो. त्याचे लेखन आचार्य अत्रे यांचे. दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका मास्टर विनायक यांची.

कथानक साधे आहे. औदुंबर हा सामान्य तरुण ब्रह्मचर्यावरील एक व्याख्यान ऐकून भारावतो, संग्रहातील नटनट्यांची चित्रे टाकून देतो, व्यायामास लागतो व एका संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरी भेटते आणि व्रत डळमळू लागते. एखाद्या चांगल्या गोष्टीचा ध्यास घेऊन तिचे वेड करून टाकणारा मनुष्य हा अत्र्यांचा आवडता विषय. ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) या नाटकातही त्यांनी सूर्यनमस्कारांच्या अतिरेकी छंदाची अशीच थट्टा केली होती.

येथे मॉरिट्स स्टिलर यांच्या ‘एरोटिकॉन’ (१९२०) या स्वीडिश मूकपटाशी तुलना उद्बोधक होईल. त्यातील प्राध्यापक कीटकांच्या प्रणयजीवनाचा व्यासंगी आहे. मात्र स्वतःच्या पत्नीचे मन दुसरीकडे गेल्याचे त्याला उमगत नाही. तेथे सिद्धांत निसर्गाशी जुळणारा आहे, आंधळा आहे तो सिद्धांती. म्हणून तेथील हास्य नेत्रकटाक्षांतून आणि न उच्चारलेल्या गोष्टींतून फुलते. ‘ब्रह्मचारी’त उलट सिद्धांतच निसर्गाला नाकारतो. शिवाय व्रत ही चारचौघांत उच्चारण्याची गोष्ट आहे. तिचा उपहास व्हावयाचा तर व्यासपीठावरची भाषाच कानी पडली पाहिजे. मराठी बोलपट १९३२ मध्ये अवतरला. त्यानंतर सहा वर्षांनी वक्तृत्वाच्या उपहासाला असे समर्थ माध्यम लाभले.

मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखातील जलक्रीडेच्या प्रसंगामुळे हा चित्रपट गाजला, आणि पुष्कळांच्या स्मरणात तेवढाच उरला. परंतु तो प्रसंग केवळ प्रेक्षकांना भुलविण्यासाठी योजलेला नव्हे. व्यायाम करणारा औदुंबर शरीराचीच उपासना करीत असतो. फक्त तिला संयमाचे नाव देतो. किशोरी तेच शरीर संकोच न बाळगता आनंदाने मिरविते. व्रतधारी आणि मोहिनी यांच्यातील अंतर वरवर दिसते तेवढे नाही, हे या प्रसंगाने उघड होते. त्यास कथानकाबाहेरचे आकर्षण मानल्यास चित्रपटातील युक्तिवादच निसटतो.

म्हणूनच ‘ब्रह्मचारी’ची थट्टा संयमाची नाही, स्वतःला न ओळखता घेतलेल्या प्रतिज्ञेची आहे. औदुंबर हास्यास्पद होतो, पण तिरस्करणीय होत नाही. अशा प्रतिज्ञा घेणारे आणि घ्यावयास लावणारे जोवर आहेत, तोवर या विनोदाची धार बोथट होण्याचे कारण नाही.