स्वयंचलित गिअर अडखळतो कां ?

शिरूर तालुक्यांतील रांजणगांव हें नांव आमच्या वाचकांस महागणपतीमुळें परिचित आहेच. परंतु अलीकडे त्याची दुसरी ओळख मोटारींच्या कारखान्याची झाली आहे. फियाट व टाटा यांच्या भागीदारींतील तेथील कारखान्यांतून २०१७ सालीं जीप कंपास व नेक्सॉन या गाड्या बाहेर पडूं लागल्या. त्यांच्या कांहीं प्रकारांत क्लचचें पेडल नसतें. गिअर कोणता व केव्हां घालावयाचा हें गाडी स्वतःच ठरविते. असल्या गाड्या, निरनिराळ्या कारखान्यांच्या, आतां आमच्या पालकवर्गांतही पोंचल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक तक्रारही. गाडी मध्येंच हिसका देते, वरच्या गिअरमधून एकाएकीं खालीं येते, किंवा एकाच गिअरला चिकटून बसते. अशा वेळीं 'गिअरबॉक्स गेला' असा निकाल फार लौकर दिला जातो, आणि तो चुकीचा ठरल्यास दंड गाडीमालकास भरावा लागतो. म्हणून हें यंत्र चालतें कसें, तें थोडें समजून घेऊं.

मनुष्याच्या हाताशिवाय गिअर बदलण्याची कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें 'हायड्रामॅटिक' नांवाचा असा गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसविला होता. त्यांत संगणक नव्हता. तेलाचा दाब, स्प्रिंगा आणि झडपा यांच्या ओढाताणींतूनच गिअर ठरत असे. आजही गिअर धरून ठेवण्याचें काम तेलाचा दाबच करतो. आंत चकत्यांचे अनेक क्लच असतात. ज्या क्लचाकडे दाबाचें तेल जाईल तो घट्ट धरतो, व त्याप्रमाणें गिअर पडतो. फरक इतकाच कीं, तेलाची वाट उघडण्याचा हुकूम आतां संगणक देतो. तो हुकूम पाळणाऱ्या विजेच्या झडपांस सोलेनॉइड म्हणतात.

या संगणकाला रस्ता दिसत नाहीं. दौंड जंक्शनांत पुणें, सोलापूर, मनमाड व बारामती अशा चार दिशांच्या गाड्या सांभाळणारा मनुष्य प्रत्येक गाडी डोळ्यांनीं पाहत नसतो. रुळांवरून येणाऱ्या खुणांवर विसंबून तो मार्ग लावून देतो. खूण खोटी आली तर त्याची अक्कल कितीही शाबूत असो, गाड्या खोळंबणारच. गिअरच्या संगणकाचें तसेंच आहे. एक्सिलरेटर किती दाबला आहे, इंजिनाचे फेरे किती, गिअरबॉक्समध्यें शिरणारा दांडा किती वेगानें फिरतो, बाहेर पडणारा किती वेगानें फिरतो, तेल किती तापलें आहे, इतक्या बातम्या त्याला क्षणोक्षणीं लागतात.

यांतील दोन दांड्यांचें गणित विद्यार्थ्यांनीं अवश्य करून पाहावें. समजा, तिसऱ्या गिअरचें प्रमाण १.५ आहे. आंतला दांडा मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर बाहेरचा २००० घेईल. बाहेरचा २००० च असून आंतला ३३०० दाखवीत असेल, तर एक तर क्लच घसरत आहे, किंवा दोहोंपैकीं एक सेन्सर खोटें बोलत आहे. पहिलें खरें असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. दुसरें असेल तर सेन्सर अगर एखादी तार बदलून भागेल. हिसका मात्र आंत बसलेल्यास दोन्ही वेळां सारखाच वाटतो. सगळी अडचण येथें आहे.

एका पालकांच्या गाडीची हकीकत या दृष्टीनें सांगण्याजोगी आहे. शिरूरहून न्हावरा, चौफुला या वाटेनें त्यांचें दौंडकडे नेहमीं जाणें-येणें असे. उसाची ट्रॉली ओलांडून पुढें जात असतां गाडी एकाएकीं ओढ सोडी व हिसका देई. समोरून ट्रक येत असला म्हणजे जिवावरच बेतावयाचें. एका गॅरेजमध्यें त्यांस संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला. तितकी रक्कम त्यांच्याजवळ होती, पण ती मुलीच्या कॉलेजसाठीं राखलेली. शेवटीं एका मोटार-वायरमननें पाना हातांत घेण्यापूर्वीं विचारलें, "भाऊ, हिसका कुठंही बसतो, का खड्ड्यांतच बसतो ?" थोडें आठवून पालक म्हणाले, "खड्ड्यांतच. अन् पावसाळ्यानंतरच सुरू झालं." या उत्तरानें निम्में काम झालें असें आम्हांस वाटतें. क्लच झिजला असता तर सपाट रस्त्यावरही तो घसरला असता.

आजच्या मोटारींत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांची एक जागा असते. तेथें स्कॅनर लावला म्हणजे संगणकानें नोंदलेले दोष सांकेतिक आंकड्यांत वाचतां येतात. पी ०७१५ हा आंतल्या दांड्याच्या सेन्सरविषयीं, पी ०७२० बाहेरच्या दांड्याच्या सेन्सरविषयीं, आणि पी ०७३० म्हणजे गिअरचें प्रमाण जुळत नाहीं. परंतु संकेत ही संगणकाची फिर्याद आहे, न्यायाधीशाचा निकाल नव्हे. पी ०७२० दिसला म्हणून धांवत जाऊन सेन्सर विकत आणणें हीही घाईच. तार तुटली किंवा पिन गंजली तरी तोच आंकडा उमटतो. हे आंकडे पुसण्यापूर्वीं कागदावर लिहून ठेवावेत. पुष्कळ ठिकाणीं तेवढेंच विसरतात.

या गाडींत पी ०७२० निघाला. मग एकानें गाडी चालविली व दुसऱ्यानें पडद्यावर लक्ष ठेविलें. खराब रस्ता येतांच बाहेरच्या दांड्याचा आंकडा डोळ्याचें पातें लवतें तोंच शून्यावर येऊन पुन्हां चढला. ताशीं साठ किलोमीटरनें धांवणारी गाडी निमिषांत थांबून पुन्हां धांवूं लागणें अशक्य. म्हणजे बातमीच खोटी, आणि तिनें गोंधळून संगणक भलताच गिअर मागत होता. सेन्सरचा जोड उघडला तों एका पिनेवर हिरवा गंज ! पिन साफ करून घट्ट बसविली, जोडाचें रबर बदललें, व हिसके थांबले.

दोष नेहमींच इतका स्वस्त नसतो. तेल काळें पडून त्यास जळका वास येत असेल तर क्लच झिजल्याची शंका घ्यावी. तेल कमी असल्यास पंप हवा ओढतो व दाब डळमळतो. जास्त असल्यास घुसळून फेंस होतो, आणि परिणाम तोच. कित्येक नव्या गाड्यांत तेल पाहण्याची पट्टीच नसते. तेल ठराविक उष्णतेवर आणून, गाडी समपातळींत ठेवून प्लगमधून पातळी पाहावी लागते. हें काम घरीं करूं नये. गाडी तापल्यावरच हिसके बसूं लागले तर सोलेनॉइडचा विद्युत्-रोध थंड व गरम अशा दोन्ही वेळीं मोजावा. दुबळी बॅटरी व सैल अर्थिंग यांनींही संगणक भांबावतो, म्हणून त्यांची तपासणी सर्वांच्या आधीं करावी. तिला खर्च जवळजवळ नाहींच.

नेक्सॉनच्या कांहीं प्रकारांत असते ती 'एएमटी' निराळी. तींत साधा गिअरबॉक्स व साधा क्लच असून पायाचें व हाताचें काम यंत्र करतें. गिअर बदलतांना क्षणभर ओढ तुटणें हा तिचा स्वभाव आहे. त्यास दोष समजून दुरुस्तीला नेऊं नये.

आणि गाडी वाटेंत एकाच गिअरला चिकटली, तर संगणकानें यंत्र वांचविण्यासाठीं तसें केलेलें असण्याचा संभव आहे. अशी गाडी हळूहळू जवळच्या गांवीं न्यावी. अगदींच बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढूं नये. इंजिन बंद असतां तेलाचा पंप फिरत नाहीं, आणि चाकांबरोबर फिरणारे आंतील भाग कोरडे घांसले जातात. ओढणारीं चाकें जमिनीपासून उचलून, किंवा सबंध गाडी ट्रकवर चढवूनच ती न्यावी.