हुबेहूब ते अमूर्त: हौशी चित्रकारांच्या नजरेचा मागोवा

मराठी हौशी चित्रकाराचे पहिले गुरू त्याला घरातच भेटले. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि तिथली देवदेवतांची चित्रे घरोघरच्या भिंतींवर लागली. पुढे चित्रकार दीनानाथ दलालांनी काढलेली दिवाळी अंकांची मुखपृष्ठे समोर ठेवून कितीतरी हातांनी सराव केला. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी राज्यकारभार सांभाळून स्वतः चित्रे काढत आणि त्यांनी १९३८ मध्ये औंधला संग्रहालय उभारले. चित्र हुबेहूब असावे, ही या साऱ्या परंपरेची शिकवण.

१९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी हुबेहूबपणा सोडून वेगळी वाट धरली. १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उघडले आणि ती वाट सर्वांना दिसू लागली. हौशी मंडळींनी मात्र तिच्याकडे पाठ फिरवली. ‘असे तर लहान मूलही काढेल’ हे वाक्य तेव्हापासून ऐकू येते. विशेष म्हणजे त्या सहांपैकी कृष्णाजी आरा घरगडी म्हणून राबत चित्रकार झाले होते. हौसेने हाती कुंचला धरणाऱ्याला त्यांच्याइतके जवळचे दुसरे कोण असणार?

या नाराजीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. नोकरी सांभाळून रविवारी रंगवायला बसणाऱ्याला कष्टांची पावती हवी असते. ‘अगदी खरे वाटते!’ असे शेजारी म्हणाला की ती मिळते. साम्य कुणालाही पडताळता येते. रंगांचा तोल जोखायला मात्र डोळा घडवावा लागतो.

तो डोळा घडवण्याची सोय आपल्या शाळेतच होती. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना वस्तुचित्राइतकाच संकल्पचित्राचाही पेपर असे. तिथे कशासारखे दिसायचे हा प्रश्नच नसे. आकार कुठे ठेवायचा, रिकामी जागा किती सोडायची, कोणता रंग कोणाला दाबतो, एवढेच पाहायचे. अमूर्त चित्रकाराचेही हेच प्रश्न असतात. पण हा धागा बहुतेक वर्गांत कुणी जोडून दाखवला नाही. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी १९९० साली ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकातून या विचाराला नितळ मराठी दिली, पण तीही थोड्यांपर्यंतच पोहोचली.

२०१३ मध्ये अमूर्त चित्रकार गायतोंडे यांचे एक चित्र मुंबईतल्या लिलावात तेवीस कोटींहून अधिक किमतीला गेले. त्यामुळे कुतूहल वाढले, पण चर्चा चित्राऐवजी किमतीची झाली. आता तर दुसरे टोक दिसते: रेखाटनाचा कंटाळा आला की कॅनव्हासवर रंग ओतायचे आणि त्याला अमूर्त म्हणायचे. गायतोंड्यांनीही आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतले होते, हे अशा वेळी विसरले जाते.

एवढ्या वर्षांचा हिशेब मांडताना मला वाटते, परंपरा आणि नवता यांचे भांडण हौशी चित्रकाराचे नव्हतेच. त्याला अर्धेच शिकवले गेले. आज वर्ग घेणाऱ्यांनी निसर्गचित्र शिकवतानाच त्यातली रचना उलगडून दाखवली, तर हे उरलेले अर्धेही त्याचे होईल.