अतिवृष्टीची मदत आणि पंचनामा

दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूपचा परिसर सीना व भीमा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला असला, तरी तो मूळचा अवर्षणप्रवण आहे. येथील शेतकऱ्याची नजर बहुधा आभाळाकडे लागलेली असते. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, काठची उभी पिके पाण्याखाली गेली आणि काही ठिकाणी मातीचा सुपीक थरही वाहून गेला. अशा वेळी शासनाकडून मिळणाऱ्या मदतीचे स्वरूप शेतकरी बांधवांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही मदत म्हणजे बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई नव्हे. पुढील हंगामासाठी बी-बियाणे व खते घेता यावीत म्हणून दिलेला तो हातभार असतो. पीक विम्याची रक्कम याहून निराळी असते.

आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाकरिता ठरलेल्या निकषांनुसार, पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असणे आवश्यक होते. दर हेक्टरी जिरायत पिकास ८,५०० रुपये, बागायत पिकास १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये, अशी मदत ठरली होती. तिची मर्यादा दोन हेक्टरांची होती. २०२५ च्या आपत्तीत राज्य शासनाने ती तीन हेक्टरांपर्यंत वाढविली आणि रब्बीच्या बियाण्यांसाठी हेक्टरी १०,००० रुपये जादा जाहीर केले. शेतात तीन इंचांहून अधिक जाडीचा गाळ साचल्यास तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपयांची तरतूद होती.

उदाहरणार्थ, एक हेक्टर वीस आर जिरायत उडीद पूर्ण बुडाला असेल, तर मूळ निकषाने १०,२०० रुपये मिळतात. परंतु त्याच शेताची नोंद सातबाऱ्यावर ‘पडीक’ अशी राहिली असेल, तर हक्काच्या रकमेस मुकण्याची पाळी येते. पूर एका रात्रीत ओसरतो. चुकीची नोंद मात्र मागे राहते.

पंचनामा महसूल, कृषी व ग्रामपंचायत या तिन्ही खात्यांचे गावपातळीवरील कर्मचारी संयुक्तपणे करतात. त्या वेळी शेतकऱ्याने स्वतः बांधावर हजर राहावे, गट क्रमांक, पीक व बाधित क्षेत्र बरोबर लिहिले आहे याची खात्री करून घ्यावी आणि शक्य तर नुकसानीची छायाचित्रे काढून ठेवावीत. सामाईक खाते असल्यास इतर खातेदारांचे संमतीपत्र वेळीच तयार ठेवावे. रक्कम थेट बँकेत जमा होत असल्याने खाते आधारशी जोडलेले असावे.

सर्वांत बिकट स्थिती वाटेकऱ्याची होते. घाम व बियाणे त्याचे. परंतु मदत सातबाऱ्यावरील खातेदाराच्या नावे जमा होते. म्हणून पेरणीपूर्वीच मालक व वाटेकरी यांनी अशा रकमेच्या वाटणीविषयी लेखी ठरवून घेणे उभयतांच्या हिताचे आहे.

पाऊस कोणाच्या हाती नाही. पीक पाहणी मात्र आपल्या हाती आहे. पेरणी आटोपताच, आभाळ निरभ्र असतानाच, ती पूर्ण करावी.