वर बघा, मग आत जा
चीनच्या शान्शी प्रांतात, वुताई पर्वताच्या परिसरात फोगुआंग मंदिर आहे. त्याचं पूर्वेकडचं दालन इसवी सन 857 मधलं. मूर्तींकडे धाव घेण्याआधी वळचणीखाली थांबून वर पाहावं. खांबांच्या माथ्यावर ठोकळे आणि आडवे हात एकावर एक चढत बाहेर येतात, हे ‘दौगोंग’. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसतं. रुंद छपराचा भार असा खांबांवर उतरतो, भिंतींवर नाही. सांधे किंचित हलू शकतात, म्हणून भूकंपाचा धक्काही पचतो. खरा देखणेपणा मला तरी इथेच दिसतो.

1937 मध्ये लिआंग सचंग आणि लिन हुईयिन या वास्तुतज्ज्ञ दांपत्याने हे दालन अभ्यासलं. तुळईवरच्या पुसट शाईत दानकर्त्या स्त्रीचं नाव लिन यांनाच दिसलं. 2009 पासून वुताई पर्वत जागतिक वारसा यादीत आहे.