समुद्रकृमींच्या चरबीचा तीस वर्षांचा मागोवा

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा आणि भूगर्भात खारं पाणी, अशी आमच्या संग्रामपूरची ओळख. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेने हरियाणात रोहतकजवळ खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवून दाखवली, तेव्हापासून आमच्या या खारपाणपट्ट्यालाही कोळंबीचा विषय परका राहिला नाही. पण कोळंबीचं बियाणं कोणत्या खुराकावर तयार होतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

हॅचरीत, म्हणजे बियाणं तयार होतं त्या केंद्रात, कोळंबीच्या मादीच्या एका डोळ्याचा देठ छाटतात, म्हणजे अंडाशय लवकर पक्व होतो. मग तिला माकुल, कालवं आणि पॉलिकीट नावाचा समुद्रकृमी खाऊ घालतात. अंग लालसर, प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना राठ केसांचे आखूड पाय. कोरड्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिनं असतात, पण त्याचं खरं मोल चरबीत. तिच्यातल्या अ‍ॅराकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनतात आणि अंडी पिकायला मदत करतात.

हे कृमी खाडीच्या चिखलातून खणून आणले जात. 1994च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशातली कोळंबी शेती झोडपली. 2005 मध्ये शास्त्रज्ञ के. के. विजयन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हेच कृमी त्या रोगाच्या विषाणूचे वाहक ठरू शकतात. 2009 मध्ये व्हॅनामेई या परदेशी कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली. परदेशातून रोगमुक्त माद्या आणायच्या आणि त्यांना चिखलातले कृमी चारायचे, हा उघड धोका होता.

त्याला पर्याय होता पाळीव कृमींचा. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये तोवर वीजकेंद्राच्या कोमट पाण्यावर कृमी वाढवले जात होते. थायलंडमध्येही त्यांची शेती होऊ लागली. पाळीव कृमीची चरबी बरीचशी त्याच्या खाद्यावर ठरते: वनस्पती तेल दिलं तर लिनोलेइक आम्ल वाढतं, मासळीचं तेल दिलं तर ओमेगा-3. रानटी कृमीची चरबी ऋतू, प्रजननाची अवस्था आणि चिखल यांप्रमाणे बदलते. 2018 मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. ओमेगा-3 स्वतःच घडवण्याची जनुकं अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांत आहेत, आणि त्यांत पॉलिकीटही येतात. म्हणजे सारं श्रेय खाद्याचंही नाही.

माझ्या मते ‘समुद्रातलं तेच सकस’ हा समज आता सोडायला हवा. नीट खाद्यावर वाढवलेला, तपासलेला कृमी हॅचरीसाठी अधिक भरवशाचा. नुसतं ‘पाळीव’ म्हटल्याने मात्र तो सकस ठरत नाही. आपल्या पट्ट्यात कोळंबीचा विचार करणाऱ्यांनी बियाणं घेताना रोगमुक्तीचा दाखला मागावाच, शिवाय माद्यांना काय चारलं तेही विचारावं.